पत्राचे मोर्तब: इब्री लोकांस पत्रातील आशीर्वचन आणि उपदेशक

जुन्या मराठी पत्रावर शिक्का वर उमटत असे आणि मोर्तब तळाशी. मजकूर इथे संपला, याखाली कोणी एक अक्षरही घुसडू नये, एवढे ते मोर्तब सांगे. त्याच्या अगोदर ‘बहुत काय लिहिणे’ येई. पुढे टपालाच्या काळात ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ आले. हे शब्द कोणी वाचत नसे, डोळा त्यांच्यावरून सरळ सहीकडे जाई. पण एखाद्या पत्रात ते नसले, तर मात्र घरात लगेच कुजबुज सुरू होई: काय बिनसले असेल?

उपासनेच्या शेवटी पाळक हात उंचावतात तेव्हा मंडळीत बहुधा असेच घडते. माना खाली असतात, डोळे मिटलेले असतात, पण मन उठून दारापाशी गेलेले असते. उपदेश संपला, गीत झाले, आता आशीर्वाद झाला की बाहेर पडायचे. आणि हे केवळ ऐकणाऱ्यांचेच नाही. मी स्वतः कित्येक वर्षे उपदेशाची तयारी करताना पत्रांच्या शेवटच्या ओळींपाशी आलो की टिपणवही मिटत असे. तिथे शिकण्यासारखे काही उरलेले नाही, असे मला मनापासून वाटे. तो समज चुकीचा होता, हे मला इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील दोन वचनांनी दाखवले. विसावे आणि एकविसावे. हे पुस्तक त्या दोन वचनांविषयी आहे.

ग्रीक मुळात ही दोन वचने मिळून एकच लांब वाक्य आहे. वाक्याचा कर्ता देव. त्याला इथे शांतीचा देव म्हटले आहे. त्याने काय केले ते आधी येते: प्रभू येशूला, म्हणजे मेंढरांच्या थोर मेंढपाळाला, मृतांतून वर आणले, आणि या कृतीला सार्वकालिक कराराच्या रक्ताचा संदर्भ आहे. मग त्याच्याकडे मागणे येते, की त्याने वाचकांना त्याची इच्छा करण्यास समर्थ करावे. शेवटी गौरव आणि आमेन. एवढा मजकूर अर्ध्या मिनिटात म्हणून होतो.

नव्याने या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकासाठी आधी परिसराची ओळख करून देतो. बायबलमधील ‘शेवटचे शब्द’ सगळे एका जातीचे नाहीत. माणसांवर देवाची कृपा मागणारे ते आशीर्वचन. देवाला गौरव देणारी ती स्तुती. आणि पत्र लिहिणाऱ्याचा साधा निरोप तिसरा. रोमकरांस पत्र व यहूदाचे पत्र स्तुतीने संपतात. याकोबाच्या पत्राला असा शेवटच नाही. भरकटलेल्याला परत आणण्याविषयी बोलता बोलता ते थांबते. योहानाचे पहिले पत्र मूर्तींविषयीच्या एका छोट्या इशाऱ्यावर संपते. आपल्या मराठी प्रोटेस्टंट उपासनेत दर आठवड्याला ऐकू येणारे कृपा, प्रीती आणि सहभागिता हे त्रिपदी आशीर्वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटून घेतलेले आहे. इब्री लोकांस पत्रात आशीर्वचन आणि स्तुती एकाच वाक्यात विणल्या आहेत, आणि त्यानंतर चार ओळींचा घरगुती निरोपही आहे.

या सर्वांच्या पाठीशी दोन जुनी दालने आहेत. पहिले इस्राएलच्या याजकांचे. गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अहरोन आणि त्याच्या पुत्रांनी लोकांना आशीर्वाद कसा द्यावा हे सांगितले आहे. 1979 मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत गॅब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. उलगडल्यावर त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले दिसले. ख्रिस्ताच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधीच्या त्या गुंडाळ्या, म्हणजे बायबलमधील मजकूर असलेल्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या वस्तू. कोणीतरी त्या ताईतासारख्या अंगावर बाळगत असावे. माणसाने कबरीपर्यंत सोबत नेलेला मजकूर कोणता, तर आशीर्वाद. मला ही गोष्ट आठवली की पायरीवरच्या चपलांकडे गेलेले मन परत आत येते.

दुसरे दालन साध्या ग्रीक पत्रांचे. 1896-97 च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी इजिप्तमधील ऑक्सिरिंकस गावाचे उकिरडे खणायला घेतले आणि पपायरसच्या कागदांचा खजिनाच बाहेर आला: हिशेब, करार, मुलाने बापाला लिहिलेली पत्रे. त्या काळच्या ग्रीक पत्रांचा शेवट ठरलेला असे. एकच शब्द, ‘धडधाकट राहा’ अशा अर्थाचा. मजकूर बहुधा लेखनिक उतरवी आणि हा शेवटचा शब्द पाठवणारा स्वतःच्या हाताने लिही. पौलानेही तेच केले, पण शब्द बदलला. धडधाकटपणाच्या जागी त्याने प्रभूची कृपा ठेवली. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो स्पष्ट सांगतो की स्वहस्ते लिहिलेला हा सलाम हीच त्याच्या पत्राची खूण. हेच ते मोर्तब. जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान यांनी 1908 मध्ये या पपायरसांच्या उजेडात नव्या कराराची पत्रे वाचली आणि तेव्हापासून पत्राचा शेवट हा अभ्यासाचा विषय झाला.

झाला खरा, पण पुढची बरीच वर्षे लक्ष पत्राच्या आरंभाकडेच राहिले. पाउल शुबर्ट यांनी 1939 मध्ये पौलाच्या आभारप्रदर्शनांवर ग्रंथ लिहिला. शेवटाला तसा न्याय मिळायला वेळ लागला. 1969 मध्ये रॉबर्ट ज्यूएट यांनी ‘उपदेशातील आशीर्वचन’ अशी एक वेगळी जात दाखवून दिली: थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात विषयाचा एक टप्पा संपतो तिथे पौल थांबून एक छोटी प्रार्थना करतो आणि मागे सांगितलेले तिच्यात ओततो. बोलण्याच्या उपदेशातली ही सवय लेखणीत उतरली, असे त्यांचे म्हणणे. 1974 मध्ये गॉर्डन वाइल्स यांनी पौलाच्या मध्यस्थीच्या प्रार्थना तपासल्या. 1994 मध्ये जेफ्री वाइमा यांच्या पुस्तकाच्या नावातच पत्रांचे शेवट दुर्लक्षित राहिल्याची खंत आहे. शेवट हा पत्राच्या आशयाचा आरसा असतो, हे त्यांनी पौलाच्या पत्रांतून दाखवले. आज बहुतेक अभ्यासक या मताचे आहेत. मला ते अर्धे पटते. उरलेल्या अर्ध्याविषयी पुढे बोलतो.

इब्री लोकांस पत्र या सगळ्यात वेगळे पडते, कारण ते पत्रासारखे सुरूच होत नाही. लिहिणाऱ्याचे नाव नाही, सलाम नाही. पहिल्याच वाक्यात देव पूर्वी कसा बोलला आणि आता कसा बोलला, हा विषय उभा राहतो. शेवटी मात्र तीमथ्याची सुटका, इटलीच्या लोकांचा सलाम, भेटीची आशा, असे सगळे पत्राचे सामान आहे. लेखक आपल्या लिखाणाला बोधवचन म्हणतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात पिसिदियातील अंत्युखियाच्या सभास्थानात पाहुण्या पौलाला बोलायची विनंती होते, तिथेही हाच शब्दप्रयोग आहे. तेव्हा हा मुळात उपदेश आहे, जो टपालाने पाठवावा लागला. या निष्कर्षावर आज बरेच एकमत आहे, आणि उपदेशकाला तो फार मोलाचा आहे: नव्या करारात एवढा सलग, पूर्ण, रचून केलेला उपदेश दुसरा सापडणे कठीण.

लेखक कोण, या प्रश्नावर शतके गेली. तेर्तुल्लियनने बर्णबाचे नाव घेतले. पौलाने इब्री भाषेत लिहिले आणि लूकने ग्रीकमध्ये आणले, असे आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंतला वाटले. ओरिगेनने ते देवालाच ठाऊक म्हणून सोडून दिले. लूथरने अपुल्लोकडे बोट दाखवले, आणि 1900 मध्ये हार्नाक यांनी प्रिस्किल्लेचे नाव सुचवले. आशीर्वचनाच्या अर्थासाठी यांतले काहीही ठरावे लागत नाही, म्हणून मी या वादात अधिक शिरलेलो नाही.

दुसऱ्या एका वादात मात्र शिरावे लागते. तेरावा अध्याय मुळातला आहे का? 1906 मध्ये व्रेडे यांनी मांडले की लेखकाने शेवटाशी येऊन आपल्या लिखाणाला पौलाच्या पत्राचे रूप दिले. तो शेवट अशा रीतीने चिकटवलेला असेल, तर आशीर्वचनावरून पूर्ण पत्र वाचण्यात अर्थ नाही. 1967 मध्ये फ्लॉइड फिल्सन यांनी उलट दिशेने जाऊन तेराव्या अध्यायापासूनच सारे पत्र उलगडून दाखवले. त्याआधी 1963 मध्ये आल्बेर वानॉय यांनी पत्राची बारीक रचना, शब्दांची पुनरावृत्ती, विषयांचे वळसे दाखवले होते. हॅरल्ड अ‍ॅट्रिज यांचे 1989 चे आणि विल्यम लेन यांचे 1991 चे भाष्य या दोन्ही ओघांचा लाभ घेतात. या मोठ्या भाष्यांच्या मागे क्रिसोस्तोम यांचे चौतीस उपदेश उभे आहेत. ते त्यांच्या मृत्यूनंतर लघुलेखकांच्या टिपणांवरून प्रसिद्ध झाले, म्हणून त्यांत व्यासपीठाचा आवाज अजून ऐकू येतो. सतराव्या शतकातले जॉन ओवेन यांचे प्रचंड भाष्यही आहे. त्यातले विवेचन लांबते, पण आशीर्वचनाच्या प्रत्येक पदापाशी ते उपदेशकासाठी थांबतात.

तेरावा अध्याय मुळातलाच, हे मला कशाने पटले? एका क्रियापदाने. आशीर्वचनात ‘समर्थ करो’ या जागी जे ग्रीक क्रियापद आहे ते गालीलच्या किनाऱ्यावर जाळी सांधणाऱ्या याकोब आणि योहानासाठी मार्काने वापरले आहे. वैद्यकात निखळलेले हाड बसवण्यासाठीही ते येई. वसई किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मांडीवर जाळे घेऊन बसलेला कोळी ज्याने पाहिला आहे त्याला या शब्दाची चव सांगावी लागणार नाही: नवे काही द्यायचे नसते, फाटलेले पुन्हा पाण्यात उतरण्याजोगे करायचे असते. पण खरी गंमत पुढे आहे. हेच क्रियापद याच पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. तिथे चाळिसावे स्तोत्र ग्रीकमधून उद्धृत करून लेखक म्हणतो की देवाने ख्रिस्तासाठी शरीर सिद्ध केले आणि ख्रिस्त देवाची इच्छा करण्यासाठी आला. सिद्ध करणे आणि इच्छा करणे. आशीर्वचनात हेच दोन शब्द पुन्हा शेजारी येतात, फक्त आता शरीर ख्रिस्ताचे नाही, ऐकणाऱ्यांचे जीवन आहे. जो धागा दहाव्या अध्यायात सोडला तो तेराव्यात त्याच हाताने उचलला आहे. नंतर कोणी शेवट जोडला असता तर हे टाके इतके नेमके पडले नसते. मराठीत दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द वापरले की हा धागा तुटतो, आणि उपदेशकाच्या हातून अख्खा उपदेश निसटतो.

आता ते उरलेले अर्धे. आशीर्वचन आरसा आहे तर त्यात पत्रात नसलेले चेहरे कसे दिसतात? करार, रक्त, इच्छा, देवाला आवडणे, हे सगळे पत्रात आधी आलेले आहे. पण मेंढपाळ? बारा अध्यायांत ख्रिस्त पुत्र आहे, प्रमुख याजक आहे, मलकीसदेकाच्या संप्रदायातला आहे, अग्रेसर आहे. मेंढपाळ कुठेच नाही. त्याचे मृतांतून उठणेही याआधी असे उघड सांगितलेले नाही. लेखकाची नजर सतत वरच्या पवित्रस्थानाकडे, उजवीकडे बसलेल्या ख्रिस्ताकडे आहे. शेवटच्या वाक्यात येऊन तो कबरीकडे वळतो, आणि ‘उठवले’ हा नेहमीचा शब्द टाळून ‘वर आणले’ म्हणतो. यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायात मोशेला आणि त्याच्या कळपाला वर आणणाऱ्या देवाची आठवण आहे; जखऱ्याच्या नवव्या अध्यायात कराराच्या रक्तामुळे बंदिवान खड्ड्यातून सुटतात. ते दोन्ही प्रसंग या एका क्रियापदात एकत्र येतात. मेंढपाळ वर आला की कळप मागोमाग येणारच.

मराठी उपदेशकाला इथे एक जागा आहे. आपण मंडळीच्या सेवकाला पाळक म्हणतो. या अध्यायात अगोदर पुढाऱ्यांविषयी दोनदा सांगितले आहे, त्यांची आठवण ठेवा, त्यांचे ऐका, आणि लगेच लेखक म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना करा. मग थोर मेंढपाळ येतो. हात उंचावून हे शब्द म्हणणारा पाळक स्वतःचेच पदनाम दुसऱ्याला देत असतो.

भाषेच्या बाबतीत मराठीला एक लाभ आहे, आणि तो आपण कमी वापरतो. ग्रीकमधील इच्छार्थी रूप पहिल्या शतकापर्यंत बोलण्यातून बरेच मावळले होते. आशीर्वादात आणि शुभेच्छेत ते टिकून राहिले. मराठीत ‘करो’, ‘देवो’, ‘होवो’ आजही दारात आलेल्या वासुदेवाच्या आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या आजीच्या तोंडी आहे. 1290 मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी आलेले पसायदान याच रूपावर उभे आहे. दोन्हींचा देवाविषयीचा विचार वेगळा आहे, तो मी एकात मिसळू इच्छित नाही. पण मोठ्या निरूपणानंतर वक्ता श्रोत्यांना सोडून देवाकडे तोंड करतो आणि श्रोत्यांसाठी मागतो, ही चाल मराठी कान ओळखतो. कीर्तनातही उत्तररंग संपताना बुवा मूळ पदावर परत येतात. अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे, नारायण वामन टिळक आणि त्यांच्यानंतरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी हे वळण उपदेशात आणले होते. म्हणून मला वाटते, इब्री लोकांस पत्राचा शेवट समजायला मराठी मंडळीला परदेशी वाटेने फार दूर जावे लागत नाही.

दुसरा मुद्दा सर्वनामाचा. हस्तलिखितांत एका जागी ‘आमच्यामध्ये’ आणि ‘तुमच्यामध्ये’ असा पाठभेद आहे. त्या काळापर्यंत हे दोन ग्रीक शब्द उच्चारात जवळ आले होते, त्यामुळे लिहिताना चूक सहज होई. आधी ‘तुम्हांला’ समर्थ करो म्हणून लगेच ‘आमच्यामध्ये’ म्हणणे विचित्र वाटते, म्हणूनच ‘आमच्यामध्ये’ हाच मूळ पाठ असावा असे बहुतेकांचे मत आहे. नकलाकार अवघड सोपे करतात, सोपे अवघड करत नाहीत. पण मराठीत प्रश्न इथे संपत नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ग्रीकला हा भेद नाही. ‘आमच्यामध्ये’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपल्यामध्ये’ म्हटले की लेखक खाली उतरून मंडळीत बसतो. मला दुसरा पर्याय योग्य वाटतो. अनेक मंडळ्यांत दीक्षित पाळक ‘तुम्हां सर्वांबरोबर’ म्हणून आशीर्वाद देतात आणि सामान्य उपदेशक ‘आपणां सर्वांबरोबर’ म्हणून मागतात. या वाक्यात तो बदल एका ओळीच्या आत घडतो.

मराठी भाषांतराचा इतिहास इथे हाताशी आहे. 1811 मध्ये श्रीरामपूरहून कॅरी यांच्या नेतृत्वाखाली नवा करार मराठीत आला. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत, 1922 पर्यंत केले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उपदेशकाने निदान तीन भाषांतरे शेजारी मांडावीत, अशी माझी विनंती आहे. ग्रीक येत नसले तरी भाषांतरे जिथे एकमेकांपासून वेगळी होतात, तिथे मुळात काहीतरी दडलेले आहे एवढे कळते.

हे सगळे आज कशासाठी? 2020 च्या टाळेबंदीत प्रार्थनामंदिरे बंद झाली आणि पाळकांनी मोबाइलच्या पडद्यावरून हात उंचावले. असा आशीर्वाद लागू होतो का, हे मला तेव्हा अनेकांनी विचारले. इब्री लोकांस पत्राचा लेखकही येऊ शकत नव्हता. लवकर तुमच्याकडे परत यावे म्हणून प्रार्थना करा, असे तो आशीर्वचनाच्या आदल्याच वचनात सांगतो. हा आशीर्वाद मुळात दुरून पाठवलेलाच आहे, आणि आखातात नोकरी करणाऱ्या मुलासाठी रविवारी फोन समोर धरून बसणाऱ्या आईला हे ठामपणे सांगता येते. दुसरे कारण अधिक दुखरे आहे. आशीर्वाद म्हणजे घर, गाडी, व्हिसा, आजारातून सुटका, असे शिकवणारी व्यासपीठे वाढत आहेत. मी ज्यांच्यासाठी लिहितो ते तरुण उपदेशक त्या बोलण्याच्या ओढीत आहेत. ज्या मंडळीला हे पत्र गेले तिने मालमत्तेची लूट सोसली होती, हे दहाव्या अध्यायात आहे. तिच्यासाठी लेखक गेलेली मालमत्ता परत मागत नाही. तो मागतो ती देवाची इच्छा करण्याची ताकद. आजारी माणसासाठी प्रार्थना करू नये असे मी म्हणत नाही, करावीच. पण आशीर्वचनाचा अर्थ फक्त तेवढाच उरला, तर या पत्राचे मोर्तब फोडून खाली दुसऱ्याच कोणाचा मजकूर लिहिला गेला, असे मी समजतो.

या पुस्तकात मी वाक्याच्या क्रमाने गेलो आहे, आणि प्रत्येक पदापासून मागे, पत्राच्या पोटात शिरलो आहे. तयार उपदेश दिलेले नाहीत. उपदेश कुठे उगवतो ती जागा दाखवली आहे. पेरणी ज्याच्या त्याच्या मंडळीच्या मातीत व्हायची. ग्रीक शब्द देवनागरीत दिले आहेत आणि व्याकरण लागेल तेवढेच घेतले आहे. वाक्याच्या शेवटी गौरव कोणाला, देवाला की येशू ख्रिस्ताला, हा प्रश्न ग्रीक रचनेत उघडा आहे. दोन्ही बाजू मांडून मी माझे मत सांगितले आहे, पण ते वाचकावर लादलेले नाही.

पुस्तक उघडण्याआधी एक करा. इब्री लोकांस पत्र पहिल्या वचनापासून मोठ्याने वाचा, शक्यतो उभे राहून, आणि शक्य असेल तर दोघा-तिघांसमोर. पाऊण तास ते तासभर लागेल. तेराव्या अध्यायाच्या अठराव्या वचनापाशी आवाज थकलेला असेल. तिथे थोडे थांबा, पाणी घ्या, आणि मग पुढची दोन-तीन वचने समोरच्या माणसांची तोंडे पाहत वाचा.